वाळवंटातल्या गाडीवर कोकणचा गंज: एका हॉट रॉड मॉडेलचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमचा मॉडेल करणाऱ्यांचा गट लहान आहे, ठाण्यातले सहा-सात जण. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, प्लॅस्टिकची किट्स जोडतो, रंगवतो, एकमेकांचं काम हातात घेऊन बघतो. हे प्रकरण त्यातल्या एकाचं. आम्ही त्याला दादा म्हणतो, इथेही तेच ठेवतो. त्याची नोकरी मशीनशॉपमधली. दुसरे आहेत काका. त्यांनी तीस वर्षं गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग केलं, मूळ गाव समुद्रकाठचं, आणि मॉडेल त्यांनी स्वतः एकही केलेलं नाही. दोघांना विचारून लिहितोय. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

दादाला १/२५ मापाची हॉट रॉड करायची होती. नवीकोरी, चकचकीत नको होती. उन्हापावसात पडून राहिलेली हवी होती.

हॉट रॉड हा प्रकार दक्षिण कॅलिफोर्नियातला. १९३० च्या दशकात तिथे फोर्डच्या मॉडेल टी आणि मॉडेल ए गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळत. तरुण पोरं त्या घ्यायची, मडगार्ड, फूटबोर्ड, काच, टप असं जे उतरवता येईल ते उतरवायची, इंजिनावर मेहनत घ्यायची आणि मोहावी वाळवंटातल्या सुकलेल्या तळ्यांवर पळवायची. मुरॉक, एल मिराज ही त्या तळ्यांची नावं. मैलोन् मैल सपाट, कडक, फिक्या मातीची जमीन. शर्यती शिस्तीत व्हाव्यात, वेळ नीट मोजली जावी म्हणून १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. मुरॉक पुढे लष्कराकडे गेलं, आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. एल मिराजवर मात्र गाड्या पळत राहिल्या.

या पोरांना सगळ्यात मोठी भेट मिळाली ती १९३२ मध्ये, फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाची. २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. आज हा आकडा किरकोळ वाटतो, पण आधीच्या मॉडेल ए च्या चार सिलिंडरच्या इंजिनाची ताकद ४० अश्वशक्ती होती, आणि व्ही-८ तोवर श्रीमंतांच्या गाडीतली चीज होती. ती आता सामान्य माणसाच्या फोर्डमध्ये आली, आणि काही वर्षांत भंगारातही मिळू लागली.

दादाने कागदावर गाडीची गोष्ट लिहून काढली होती. ही त्याची सवय मला फार आवडते. गोष्ट अशी: १९२९ च्या मॉडेल ए रोडस्टरची (उघड्या टपाच्या गाडीची) बॉडी, खाली १९३२ ची चॅसी, फ्लॅटहेड इंजिन, रंग निळा. एल मिराजवर काही वर्षं पळाली. मग मालकाने शर्यती सोडल्या, आणि गाडी वाळवंटाच्या कडेला एका शेडबाहेर वीस वर्षं उभी राहिली. याच कागदामुळे पुढे सगळं उलगडलं.

बांधणी

बांधणीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण प्रकरण रंगाचं आहे. पण एक निर्णय इथेही होता. मॉडेल ए चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, १०३.५ इंच, १९३२ च्या फोर्डचा १०६. फरक अडीच इंचांचा, म्हणजे १/२५ मापात सुमारे अडीच मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण मॉडेल ए ची बॉडी त्या चॅसीवर तशीच ठेवली तर मागची चाकं बॉडीच्या कमानीच्या मध्यात येत नाहीत, आणि मडगार्ड नसलेल्या गाडीत ते लगेच डोळ्यात खुपतं. खऱ्या गाडीत लोक १९३२ चीच चॅसी का घेत, तर ती जास्त मजबूत होती आणि तिच्या बाजूच्या पट्टीला दाबून काढलेली एक सुंदर रेष होती. मडगार्ड काढले की ती रेष बॉडीखाली पूर्ण उघडी दिसते.

दादाने दोन किट्सचे भाग एकत्र करून बॉडी मागे सरकवली, पुढच्या फायरवॉलपाशी (इंजिन आणि सीटच्या मधल्या पत्र्यापाशी) राहिलेली फट प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने बुजवली, वर लांबी (पुट्टी) भरून घासली. मशीनशॉपमधल्या माणसाचं काम, सांधा शोधूनही सापडत नाही. किटमधले चकचकीत क्रोमचे भाग त्याने धुण्याच्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवले. अर्ध्या तासात क्रोम उतरलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बांधणी संपली आणि पाऊस सुरू झाला.

पावसातलं रंगकाम

पहिला चुकीचा निर्णय इथला. थांबायचं की नाही? डिसेंबरच्या आमच्या बैठकीत मॉडेल मांडायचं होतं, सहा महिने हातात होते. दादा थांबला नाही.

जुलैत ठाण्यात आर्द्रता किती असते हे सांगायला नको. त्याच्या खोलीतल्या मापकावर ८८ टक्के दिसत होतं. लॅकर प्रायमरचा पहिला हात मारला आणि दहा मिनिटांत बॉडीवर पांढुरका धुरकट थर आला. गॅरेजवाले याला ‘रंग पांढरा पडला’ म्हणतात. कारण साधं आहे: लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो, आणि हवेतली ओल त्या ओल्या रंगावर बसते. जशी थंड ताकाच्या ग्लासवर बाहेरून बसते तशी.

त्याने मग बेडरूमचा एसी लावला, दार बंद केलं आणि तिथे एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) चालवला. आर्द्रता ५५ पर्यंत उतरली, रंग छान बसला. पण बंद खोलीत लॅकर मारायचा म्हणजे थिनरची वाफ तिथेच कोंडायची. त्या रात्री त्याचं डोकं गच्च झालं होतं, आणि शेजारच्या खोलीत लहान मुलगी झोपलेली होती. ही गोष्ट मला गंजाच्या चुकीपेक्षा मोठी वाटते. मॉडेल बिघडलं तर दुसरं आणता येतं. वाफेसाठी कार्बन फिल्टरचा मास्क आणि हवा बाहेर फेकणारा पंखा, हे दोन्ही नसेल तर लॅकर घरात मारूच नये, ऋतू कोणताही असो.

पुढचा टप्पा हेअरस्प्रेचा. ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी बॉडीला गंजाचा रंग द्यायचा, त्यावर क्लिअर लॅकरचा हात मारून तो पक्का करायचा. मग केसांना मारायचा साधा स्प्रे, दोन पातळ हात. वाळला की त्यावर गाडीचा वरचा रंग, ॲक्रिलिकमध्ये. तासाभरात कोमट पाण्याने भिजवून आखूड केसांच्या ताठ ब्रशने हलकं घासायचं. पाणी वरच्या रंगातून झिरपून खालचा स्प्रे विरघळवतं, रंगाचे कपचे निघतात आणि आतला गंज उघडा पडतो. खऱ्या गाडीवरून रंग जसा सुटतो तसाच सुटतो, म्हणून तो रंगवलेल्या ओरखड्यांपेक्षा कितीतरी खरा दिसतो.

दादाने सराव प्लॅस्टिकच्या पांढऱ्या चमच्यांवर केला. आठ चमचे. पहिल्या दोघांवर त्याने टामिया कंपनीचा ॲक्रिलिक रंग लॅकर थिनरमध्ये पातळ केला होता. रंग असा घट्ट बसला की नखानेही निघेना. तिसऱ्यावर पाण्यात पातळ केला आणि कपचे सुंदर निघाले. पुढच्या तिघांवर हेअरस्प्रे सादळला. बिस्किटं सादळतात तसा, वाळतच नव्हता, चिकट राहिला आणि वरच्या निळ्याला सुरकुत्या पडल्या. एसीच्या खोलीत शेवटचे दोन नीट आले, आणि मग बॉडी.

गंजासाठी दादाला एक कल्पना सुचली होती, आणि ती ऐकून आम्ही सगळेच खूश झालो होतो. मशीनशॉपमधून लोखंडाचा कीस आणला, व्हिनेगर आणि मीठ घालून बशीत गच्चीवरच्या पत्र्याखाली ठेवला. तीन दिवसांत केशरी गंज तयार. तो वाळवून, खलात कुटून, मलमलीतून चाळून त्याने अस्सल गंजाची पूड केली. जोडीला कुंभाराकडची काव. पृष्ठभाग खडबडीत व्हावा म्हणून रंगात खायचा सोडा. दरवाजांच्या खालच्या कडा, बॉडी आणि चॅसीचा सांधा, डिक्कीची खालची कड, सगळीकडे गंज फुगवला, खाली केशरी ओघळ काढले, वर मॅट क्लिअरचा हात मारून सगळं बंद केलं. ऑगस्टच्या बैठकीत मॉडेल टेबलावर आलं, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

अडचण

काका त्या दिवशी पहिल्यांदाच आले होते, कुणासोबत तरी. त्यांनी मॉडेल हातात घेतलं नाही. वाकून बराच वेळ बघितलं. मग विचारलं, “कुठली म्हणालास ही?”

दादाने कागद वाचून दाखवला. वाळवंट, सुकलेलं तळं, शेडबाहेर वीस वर्षं.

“अरे, मग हिचा दरवाजा खालून खाल्लाय तो कशाने? पाणी कुठून आलं?”

कोणी काही बोललं नाही. काकांनी बोटाने न शिवता एकेक जागा दाखवली. दरवाजाच्या आत पाणी उतरतं, खालच्या दुमडीत साचतं, बाहेर पडायची भोकं मातीने बुजतात, आणि पत्रा आतून सडत बाहेर येतो. रंगाला फुगे येतात, फुगा फुटला की मागे भोक. “आमच्याकडे बंदरावरच्या गाड्या येत, त्या अशाच. वरून टप ठणठणीत, खालून दरवाजा बिस्किटासारखा. ही तुझी गाडी आमच्या गावात उभी होती.”

त्यांचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. लोखंड गंजायला हवेतली ओल लागते. आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर उघडा पत्राही फार सावकाश गंजतो. मीठ असेल तर कमी ओलीतही गंज धरतो, कारण मीठ ओल ओढून ठेवतं. म्हणून खाऱ्या वाऱ्यात गाड्या लवकर जातात. मोहावीत पाऊस पडतो, पण थोडा, आणि पडलेला लगेच वाळून जातो. दुमडीत पाणी साचून सडण्याएवढा वेळ राहतच नाही. तिथे गाडीला खातं ते ऊन. जुना लॅकर वरच्या बाजूंवर खडूसारखा होतो, पुसला तर बोटाला रंग लागतो, मग पातळ होत होत उडून जातो, आणि उघड्या पडलेल्या पत्र्यावर काळपट तपकिरी, गुळगुळीत गंजाचा पातळ पापुद्रा येतो. केशरी नाही. केशरी म्हणजे ताजा, ओल्यातला गंज, आणि दादाने बशीत तीन दिवसांत बनवला तो अगदी तोच होता. खरा गंज होता, पण खरा ठाण्याचा.

मापाचीही चूक होती. सोड्याच्या थराची जाडी काही ठिकाणी ०.३ मिलिमीटर. पंचवीसने गुणलं की साडेसात मिलिमीटर. ज्या पत्र्याची मूळ जाडीच मिलिमीटरभर, त्यावर पाऊण सेंटीमीटर गंज.

मला मात्र खटकला तो आमचाच शब्द. ‘उन्हापावसात पडलेली गाडी.’ आपण मराठीत दुसरं काही म्हणतच नाही. झिजलेलं, पडून राहिलेलं काहीही असो, ते आपल्या तोंडी उन्हापावसातलंच असतं. त्या गाडीच्या वाट्याला ऊन आलं होतं. पाऊस आम्ही घातला. कागदावर वाळवंट लिहिलं होतं, हात मात्र लहानपणापासून पाहिलेला गंज काढत होता: एसटी स्टँडमागच्या टाक्या, कोळीवाड्यातले टेम्पो, गच्चीवरचे पत्रे.

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी आणि पुढचा आठवडाभर यावर खूप बोलणं झालं.

काहीच न करणं हा पर्याय गटातल्या दोघांनी मांडला. मॉडेल सुंदर दिसतंय, कोण विचारणार? दादाने तो ऐकूनच घेतला नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं. एकदा दिसलेली चूक न दिसल्यासारखी करता येत नाही.

दुसरा पर्याय गोष्ट बदलण्याचा. हा मी मांडला आणि अजूनही मला तो सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. युटाहमध्ये बॉनव्हिल नावाचं मिठाचं मैदान आहे. १९४९ पासून तिथे दरवर्षी वेगाच्या शर्यती भरू लागल्या आणि कॅलिफोर्नियातल्या याच गाड्या तिकडेही जात. तिथे चाकांनी उडालेलं ओलसर मीठ चॅसीत, सांध्यांत, दरवाजाच्या खालच्या कडेत जाऊन बसतं. परतल्यावर गाडी नीट धुतली नाही तर ती खालूनच गंजते. म्हणजे दादाचा गंज बऱ्याच अंशी जागेवर राहिला असता. ओघळ कमी करायचे, कडांना मिठाचा पांढरा थर द्यायचा, टपोरे फुगे घासून काढायचे. चार दिवसांचं काम.

तिसरा, बॉडी पूर्ण उतरवून नव्याने रंगवायची, चॅसी मात्र ठेवून फक्त गडद करायची. जोखीम मोठी, कारण वर मॅट क्लिअरचा थर होता. तो नसता तर कोमट पाण्यानेच निळा रंग सुटला असता. आता पाणी आत शिरणारच नव्हतं.

चौथा, दुसरं किट मागवून पहिलं तसंच ठेवायचं. पण सांधा जुळवायला घातलेले दोन महिने त्या बॉडीत होते.

दादाने तिसरा निवडला. बॉनव्हिल का नको, हे विचारल्यावर तो म्हणाला, “ही गाडी मी एल मिराजसाठी बांधली. धुळीचा लोट मागे सोडून जाणारी. मिठावर तिला मी पाहिलंच नाही.” तांत्रिक कारण नव्हतं ते. पण मॉडेल त्याचं, गोष्ट त्याची.

काय केलं

पाऊस ओसरेपर्यंत ब्रश हातात घ्यायचा नाही, हे आधी ठरलं. सप्टेंबरभर त्याने फक्त रंग उतरवला.

काकांची पहिली सूचना गॅरेजमधला एन.सी. थिनर वापरायची होती. गाडीच्या पत्र्यावर तो चालतो. पॉलिस्टायरिनचं प्लॅस्टिक त्यात विरघळतं. एका चमच्यावर थेंब टाकून दाखवल्यावर काकाच दचकले. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. झाकणाच्या डब्यात बॉडी रात्रभर बुडवून ठेवायची, सकाळी जुन्या टूथब्रशने घासायची. चार फेऱ्या लागल्या. ॲक्रिलिक आणि सोडा निघाला, क्लिअर काही जागी चिकटून राहिला. तो ओल्या पॉलिश पेपरने घासून सपाट केला. बॉडीच्या बारीक रेषा वाचल्या. डॅशबोर्डवरची एक मात्र पुसट झाली.

ऑक्टोबरच्या मध्यावर हवा कोरडी झाली आणि दादा गच्चीवर, मास्क लावून, सकाळी नऊच्या आत रंगवू लागला. या वेळी ब्रश उचलायच्या आधी त्याने कागदावर आणखी दोन ओळी वाढवल्या, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय तोच. गाडीचं तोंड पश्चिमेकडे आहे. शेड तिच्या उजव्या हाताला, म्हणजे उत्तरेला.

यातून सगळं ठरत गेलं. तोंड पश्चिमेकडे तर डावी बाजू दक्षिणेला. उत्तर गोलार्धात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, म्हणजे डावी बाजू जास्त भाजणार. उजवी बाजू उत्तरेची, सावलीतली, तिथला निळा जास्त खोल राहणार. वर आकाशाकडे बघणाऱ्या जागा, म्हणजे काचेपुढचा भाग, दरवाजांच्या वरच्या कडा, डिक्कीचा उतार, तिथला रंग जवळपास गेलेला. खाली, जिथे आधी गंज फुगवला होता, तिथे रंग सगळ्यात चांगला.

प्रायमरवर त्याने काळपट तपकिरी, जांभळ्याकडे झुकणारा रंग फक्त वरच्या जागांवर मारला, सपाट, सोडा अजिबात नाही. क्लिअर लॅकर. हेअरस्प्रे. मग रेडऑक्साइडचा पातळ हात, कारण खऱ्या गाडीवर रंगाखाली प्रायमर असतो आणि रंग उडाला की आधी तो दिसतो. पुन्हा हेअरस्प्रे, आणि शेवटी निळा, पाण्यात पातळ केलेला, १५ पीएसआय हवेच्या दाबावर, तीन उडते हात. वरच्या बाजूंवर त्याच निळ्यात पांढरा आणि किंचित मातकट रंग मिसळून आणखी एक.

घासताना मी शेजारी बसलो होतो. कोमट पाण्यात बुडवलेला जुना नंबर चार ब्रश, केस अर्धे कापलेले. मिनिटभर पाणी मुरू दिलं. पहिल्या आठ-दहा फटक्यांत काहीच झालं नाही, मग डाव्या दरवाजाच्या वरच्या कडेला निळा एकदम धूसर झाला आणि खाली लालसर दिसू लागला. आणखी चार फटके, आणि लालसराच्या मध्यात ज्वारीच्या दाण्याहून लहान तपकिरी ठिपका. एवढाच, पण १/२५ मध्ये तो दोन-अडीच इंचांचा होतो. काका मागे उभे होते. “बस,” ते म्हणाले. “आता कोपराचा विचार कर. ड्रायव्हर हात कुठे टेकवत होता?” दादाने डाव्या दरवाजावर, सीटच्या रेषेत, आणखी थोडं घासलं. तो एक भाग आता सबंध गाडीत मला सगळ्यात आवडतो.

ओघळ एकही नाही. त्याऐवजी तैलरंगाचे बारीक ठिपके, पांढरा आणि मातकट, टर्पेंटाइनच्या ओलसर ब्रशने उभे ओढून जवळपास पुसून टाकलेले. त्याने रंगाला तो खडूसारखा कोरडेपणा आला. चॅसीवरच्या केशरी पुडीवर बर्न्ट अंबर या तपकिरी रंगाचे दोन गडद हात दिले आणि ती काळपट झाली.

धुळीसाठी मुलतानी माती. एल मिराजची जमीन फिक्या मातकट रंगाची आणि पिठासारखी बारीक, आणि वाण्याकडची मुलतानी माती तिच्या फार जवळ जाते. मलमलीतून दोनदा चाळून, मऊ ब्रशने चॅसीच्या वरच्या कडेवर, इंजिनाच्या खाचांत, सीटच्या शिवणीत बसवली आणि अल्कोहोलचे थेंब सोडून धरवली. अल्कोहोल उडालं की माती जागेवर राहते, पण बोट लावलं तर निघते.

निकाल

डिसेंबरच्या बैठकीत मॉडेल मांडलं. या वेळी टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. ऑगस्टमधलं मॉडेल दुरूनच ओरडून गंज दाखवत होतं. हे जवळ जाऊन बघावं लागतं. एक जण म्हणाला की आधीचं जास्त ‘भारी’ दिसत होतं. मी ते इथे मुद्दाम नोंदवतो, कारण तो खोटं बोलत नव्हता. फोटोतही पहिलंच उठून दिसतं.

काकांनी या वेळी मॉडेल तळहातावर घेतलं. डावी बाजू पाहिली, फिरवून उजवी पाहिली, आणि कोणी न सांगता म्हणाले, “इकडे सावली होती.” दादाचा चेहरा बघायला हवा होता.

मग त्यांनी गाडी खाली ठेवली आणि टेबलाच्या पातळीवर वाकले. “वीस वर्षं उभी ना ही? मग हवा कोण भरत होतं?”

चारही टायर गोल, काळेभोर, हवेने टणक. वीस वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर रिमवर बसतो, बाजूला फुगतो, राखाडी होऊन तडकतो. एवढ्या महिन्यांत आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

थांबायला हवं होतं, हे पहिलं. जूनमध्ये बांधणी संपल्यावर ऑक्टोबरपर्यंत प्रायमरला हात लावला नसता तर सादळलेले चमचे, पांढरा पडलेला रंग आणि ती बंद खोली, तिन्ही टळलं असतं. पावसाळा भाग जोडायला, घासायला, संदर्भ बघायला उत्तम. दादा आता तसंच करतो.

सगळं एकाच वेळी वर क्लिअर मारून बंद करायची घाई नको होती. टेबलावर आठवडाभर उघडं ठेवून, चार जणांना दाखवून मग बंद केलं असतं तर ऑगस्टमध्ये पाण्यानेच काम झालं असतं. चार वेळा अल्कोहोलमध्ये बुडवण्याची आणि ती डॅशबोर्डची रेष गमावण्याची वेळ आली नसती.

सरावाचे चमचे तंत्र तपासायला वापरले, गोष्ट तपासायला नाही. आठही चमच्यांवर आम्ही कपचे कसे निघतात एवढंच पाहिलं. त्यातला एक जरी काकांसारख्या माणसाच्या हातात देऊन ‘हा पत्रा कुठे पडला होता, सांगा’ म्हटलं असतं, तर उत्तर जुलैतच मिळालं असतं. आमच्यात मॉडेल करणारे सात होते. पत्रा सडताना रोज पाहिलेला एकही नव्हता. आता काका दर महिन्याला येतात.

बॉनव्हिलच्या पर्यायाबद्दल माझं मत बदललेलं नाही. ज्याच्याकडे वेळ कमी आहे, त्याने गोष्ट बदलावी. त्यात लबाडी नाही, फक्त नवी गोष्ट तितक्याच बारकाईने लिहावी. पण डाव्या दरवाजावरचा कोपराचा तो ठिपका मिठाच्या गाडीवर आला नसता, हेही खरं.

टायरचं काम जानेवारीत झालं. दादाने चारही टायर खालून पॉलिश पेपरवर घासून सपाट केले, बाजूला लांबीचा पातळ फुगवटा दिला, राखाडी रंगाचा कोरडा ब्रश फिरवला आणि सुईने तडे कोरले. गाडी त्यामुळे जेमतेम एक मिलिमीटर खाली बसली. मागचा डावा टायर त्याने सगळ्यात जास्त बसवला, कारण ती उन्हाची बाजू.